वाचकांचे प्रश्न : वटवाघळाच्या पोटात औषधरोधी जिवाणू कुठून आले?

मागच्या अंकात सांडपाण्याविषयी लिहिताना 'वटवाघळांच्या विष्ठेतही अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू सापडू लागले आहेत' असं एक वाक्य मी जाता जाता लिहून गेले. सांडपाण्यावर एकही पत्र आलं नाही. वटवाघळांवर ढीगभर आली. स्वतःच्या मोरीपेक्षा दुसऱ्याच्या पंखांत माणसाला जास्त रस, दुसरं काय!

सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. माझी उमेद रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लघवी, पू आणि रक्ताची कल्चर लावण्यात, म्हणजे त्यांतले जिवाणू वाढवून ओळखण्यात गेली. वन्यप्राण्यांच्या विष्ठेकडे मी उशिरा वळले. तेव्हा उत्तरांना रुग्णालयाचा थोडा वास येणार, तो चालवून घ्या.

प्रश्न : वटवाघळांना कोणी गोळ्या-इंजेक्शनं देत नाही. मग औषधांना पुरून उरणारे जिवाणू त्यांच्या पोटात तयार तरी कसे होतात?

तयार होतात असं नाही, बहुतेक वेळा आयते येतात. पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. औषधाला रोध करण्याची कला जिवाणूंनी आपल्यामुळे शिकलेली नाही. बहुतेक अँटिबायोटिकं मुळात मातीतल्या बुरशांनी आणि जिवाणूंनी एकमेकांविरुद्ध बनवलेली रसायनं आहेत, आणि जिथे विष आहे तिथे उताराही जुनाच असतो. न्यू मेक्सिकोतल्या लेचुगिया गुहेच्या खोल भागात, जिथे सुमारे ४० लाख वर्षं बाहेरचं काही पोचलेलं नाही, तिथल्या जिवाणूंची तपासणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यातले काही जिवाणू बाजारात मिळणाऱ्या १४ अँटिबायोटिकांना जुमानत नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीत रोधाची जनुकं सापडली होती. युरोपातल्या हेजहॉग नावाच्या काटेरी प्राण्याच्या कातडीवर राहणारी एक बुरशी पेनिसिलिनसारखं रसायन सोडते. तिच्या शेजारात राहून तिथले स्टॅफिलोकॉकस (थोडक्यात स्टॅफ) जिवाणू मेथिसिलिनरोधी, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातल्या मेथिसिलिन या औषधाला दाद न देणारे झाले आणि तेही सुमारे २०० वर्षांपूर्वी, असं २०२२ सालच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं १९२८ मध्ये. म्हणजे वटवाघळाच्या विष्ठेत एखादं रोधाचं जनुक दिसलं म्हणून लगेच 'प्रदूषण' अशी बोंब ठोकता येत नाही.

मग आपलं कुठलं आणि रानाचं कुठलं, हे ओळखायचं कसं? यासाठी एक चांगली खूण आहे. 'क्लास वन इंटिग्रॉन' नावाचा डीएनएचा एक तुकडा असतो. जनुकं पकडायची, रांगेत लावायची आणि कामाला जुंपायची, हा त्याचा धंदा. मूळचा हा मातीपाण्यातल्या जिवाणूंचा, पण आज रुग्णालयांत, गोठ्यांत आणि गटारांत जो प्रकार सर्वत्र दिसतो त्याला एक ठरावीक शेपूट आहे. त्यात सल्फा औषधांना आणि काही जंतुनाशकांना रोध करणारी जनुकं असतात. ही जोडणी विसाव्या शतकातली, आपण ही रसायनं सढळ हाताने वापरायला लागल्यानंतरची. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या मायकेल गिलिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुचवलं की हा तुकडा मानवी प्रदूषणाची खूण म्हणून मोजावा. हेजहॉगच्या स्टॅफमध्ये मिळतं ते रानातलं. वटवाघळाच्या ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत हा शेपटीवाला इंटिग्रॉन मिळाला, तर तो जिवाणू किंवा निदान त्याच्यातला तो तुकडा माणसांकडून किंवा जनावरांकडून फिरत आलेला आहे, असं मी तरी बिनधास्त म्हणेन. ऑस्ट्रेलियातल्या राखाडी डोक्याच्या फ्लाइंग फॉक्स वटवाघळांत तो मिळाला आहे.

येण्याचे रस्ते अनेक. वटवाघळं उडता उडता पाण्याला तोंड लावून पितात. ते पाणी नदीचं असेल किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या तळ्याचं. अशा तळ्यांवर रात्री चिलटांचे थवे उठतात आणि कीटकभक्षी वटवाघळांना एका जागी पोटभर चरायला मिळतं. दक्षिण आफ्रिकेत बनाना बॅट या इवल्याशा वटवाघळावर हेच काम झालं. प्रक्रिया केंद्रांवर चरणाऱ्यांच्या शरीरात जड धातू सापडले आणि त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची घडणही इतरांपेक्षा वेगळी होती. धातूंचा मुद्दा सहज नजरेआड होतो. तांबं, जस्त, पारा यांना रोध करणारी जनुकं पुष्कळदा अँटिबायोटिकरोधी जनुकांच्या शेजारी, एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसलेली असतात. त्यामुळे पाण्यात औषधाचा थेंब नसला तरी धातूच्या जोरावर रोध टिकून राहतो.

शिवाय वटवाघळाचं आतडंही जरा निराळं आहे. उडायचं म्हणजे ओझं नको. म्हणून आतडं आखूड, आणि फलाहारी वटवाघळांत खाल्लेलं तासाभराच्या आत बाहेर. २०२० मध्ये सुमारे ९०० पृष्ठवंशीय प्रजातींच्या आतड्यांतले जिवाणू ताडून पाहिले गेले, तेव्हा वटवाघळं इतर सस्तन प्राण्यांपेक्षा पक्ष्यांच्या जवळ बसली. गायीच्या किंवा माकडाच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्यांचे ठरलेले भाडेकरू असतात, तसे वटवाघळाच्या पोटात फारसे नाहीत. त्यामुळे तिथे परिसरातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना जागा मिळते.

याला जोडून एक जुना वाद सांगते, मला तो फार आवडतो. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या रानउंदरांत, ज्यांनी आयुष्यात औषध पाहिलं नव्हतं त्यांच्यात, सर्रास रोध सापडल्याचं प्रसिद्ध झालं. दोनच वर्षांनी फिनलंडमधल्या संशोधकांनी मूस, हरणं आणि रानउंदीर तपासले आणि त्यांना जवळजवळ काहीच मिळालं नाही. दोघंही बरोबर होते. एका ठिकाणी माणसं आणि शेती दाट, दुसऱ्या ठिकाणी विरळ. वटवाघळांबद्दलचे परस्परविरोधी निष्कर्ष वाचताना हे आठवा आणि आधी नमुने कुठून घेतले ते बघा.

प्रश्न : 'निम्म्याहून अधिक वटवाघळांत सुपरबग' अशी बातमी वाचली. हे आकडे खरे मानायचे का?

आकडा खरा असू शकतो, बातमी खोटी असू शकते. आकडा कसा जन्माला येतो ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच तपासाल.

संध्याकाळी वटवाघळांच्या वस्तीखाली स्वच्छ प्लास्टिक अंथरतात. पहाटे थवा परतला की त्यावर विष्ठा पडू लागते. कीटकभक्ष्यांची लेंडी उंदराच्या लेंडीसारखी काळपट आणि कोरडी असते, पण बोटांत धरून दाबली (हातमोजा घालून!) की तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या कवचाचे कण चमकतात. उंदराची लेंडी अशी चुरत नाही. फलाहारींची विष्ठा म्हणजे बिया आणि तंतू असलेला ओला शिंतोडा. ती निर्जंतुक चिमट्याने उचलून नळीत टाकायची आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यायची.

खरी मेख इथे आहे. त्या नमुन्यातले जिवाणू साध्या मॅकॉन्की प्लेटवर (जिवाणूंचं खाद्य ओतलेल्या बशीवर) लावले तर दुसऱ्या दिवशी गुलाबी कॉलन्यांची, म्हणजे जिवाणूंच्या ठिपक्याएवढ्या वसाहतींची दाटी दिसते; त्यात ई. कोलाय असतात. त्यातल्या चारदोन उचलून तपासल्या, तर कळतं की या प्राण्याच्या पोटात साधारण कोणत्या प्रकारचे ई. कोलाय जास्त आहेत. पण संशोधकाला रोधच शोधायचा असतो. म्हणून तो प्लेटमध्येच सेफोटॅक्सिमसारखं औषध घालतो. आता दाटी होत नाही. रोध नसलेले सगळे मरतात आणि लाखात एक असलेला रोधवाला जिवाणू एकटा, टपोरी कॉलनी करून बसतो. नमुना 'पॉझिटिव्ह'! त्याआधी नमुना रात्रभर औषधी रश्श्यात वाढवला असेल, तर लाखातला काय, कोटीतलाही सापडतो. दोन्ही पद्धती योग्यच आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिली सांगते 'किती', दुसरी सांगते 'आहे का'. बातमीत दुसऱ्या पद्धतीचा आकडा पहिल्या पद्धतीच्या भाषेत छापला जातो.

आणखी दोन गोष्टी बघा. एक, प्लास्टिकवरच्या ५० लेंड्या म्हणजे ५० वटवाघळं नव्हेत. एकाच महाशयांनी पाच टाकल्या असतील. स्वॅब (निर्जंतुक बोळ्याने पुसून घेतलेला नमुना) घेऊन एकेका प्राण्याची तपासणी केली असेल तर आकड्याला जास्त वजन. दोन, 'रोध' कोणत्या औषधाला? अँपिसिलिनला क्लेबसिएला नावाचा जिवाणू जन्मतःच दाद देत नाही. त्याच्या पुढे 'रोधक' लिहिणं म्हणजे माशाला पोहता येतं अशी बातमी देणं. कोणत्याही एका औषधाला रोध आणि तीन किंवा अधिक गटांतल्या औषधांना रोध यातही फरक आहे. आणि कार्बापेनेम किंवा कोलिस्टिन, म्हणजे रुग्णालयात शेवटी हाताशी उरणारी औषधं, त्यांना रोध सापडला तर मीसुद्धा खुर्चीत सावरून बसते.

'सुपरबग' हा शब्द आमच्या प्रयोगशाळेत कोणी वापरत नाही.

प्रश्न : आमच्या घराच्या छपरात पाकोळ्यांची (लहान वटवाघळांची) वस्ती आहे. घरात वर्षाचं बाळ आहे. सगळ्यांनी एकदा अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन टाकावा का?

अजिबात नाही. त्याने एका पाकोळीचंही काही बिघडणार नाही, तुमच्या बाळाच्या पोटातले चांगले जिवाणू मात्र मरतील आणि रोधवाल्यांना मोकळं रान मिळेल.

छपरातल्या वटवाघळांचा खरा धोका वेगळा आहे. पहिला रेबीज. वटवाघूळ चावलं, ओरखडलं किंवा झोपलेल्या मुलाच्या खोलीत सापडलं, तर जखम दिसो न दिसो, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. दात इतके बारीक असतात की खूण दिसेलच असं नाही. 'बघू उद्या' हे इथे चालत नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपचार हातात राहत नाहीत. दुसरा धोका साठलेल्या विष्ठेतल्या बुरशीचा. हिस्टोप्लाझ्मा श्वासावाटे फुप्फुसात जाते. म्हणून कोरडी विष्ठा झाडूने उडवायची नाही. आधी पाणी शिंपडून ओली करायची, चांगला घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून भरायची, बाळाला तेवढा वेळ दूर ठेवायचं. पाण्याची टाकी झाकलेली हवी. एवढं केलंत की औषधरोधी जिवाणूंचाही बंदोबस्त आपोआप होतो, कारण तेही त्याच विष्ठेतून, त्याच हातांवरून येणार.

त्यांना बाहेर काढायचंच असेल तर पिल्लं उडायला लागल्यावर, एकदिशा झडप लावून. बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही अशी. पिल्लं आत असताना भोक बुजवलंत तर ती तिथेच मरतात.

प्रश्न : वटवाघळापासून माणसाला असा औषधरोधी आजार झाल्याचं एक तरी उदाहरण आहे का, की हे सगळं 'होऊ शकतं' या सदरातलं?

मुख्यतः 'होऊ शकतं' या सदरातलं. वटवाघळांत आणि माणसांत एकाच घराण्याचे ई. कोलाय मिळतात, पण त्यावरून कोणाकडून कोणाकडे गेले ते ठरत नाही. दिशा ठरवायला दोन्हीकडच्या जिवाणूंचे संपूर्ण जीनोम, तारखांसकट, शेजारी ठेवावे लागतात. जिथे दिशेचा अंदाज बांधता येतो तिथे बाण जास्त करून आपल्याकडून त्यांच्याकडे जातो.

जिवाणू वटवाघळांकडून येऊच शकत नाहीत, असं मात्र समजू नका. २०१० साली अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेत बार्टोनेला गटातला एक अनोळखी जिवाणू सापडला. मालक प्राणी कोण, पत्ता नाही. चार वर्षांनी तोच जिवाणू फिनलंडमधल्या वटवाघळांच्या रक्तात मिळाला. त्यात औषधरोधाचा भाग नव्हता, पण दार बंद नाही हे कळायला पुरेसं आहे.

प्रश्न : मग सरळ त्यांच्या वस्त्या नष्ट केल्या तर?

करून पाहिलेलं आहे. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली. त्यानंतर खाणीतली फलाहारी वटवाघळं मारून संपवली गेली. २०१२ मध्ये जवळच्या भागात मारबर्गची साथ आली, म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा त्या खाणीत गेले. नवी वटवाघळं येऊन राहिली होती आणि त्यांच्यात लागणीचं प्रमाण आधीच्या ५.१ टक्क्यांवरून १३.३ टक्क्यांवर पोचलं होतं. जुनी, रोग होऊन गेलेली पिढी मारली की जागा रिकामी होते आणि ती भरायला कोरी, लागण सहज होईल अशी पिढी येते. हा विषाणूचा किस्सा आहे, जिवाणूंना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण वस्ती उधळली की घाबरलेली वटवाघळं नव्या जागा शोधतात आणि पोटातलं सगळं सोबत नेतात, हे दोन्हीकडे सारखं.

दुसरी बाजू अमेरिकेतून कळली. २००६ पासून तिथे 'व्हाइट नोज' या बुरशीच्या रोगाने लाखो वटवाघळं मेली. जिथे ती मेली तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला आणि त्या भागांत बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले, असं एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाने २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडलं. मारायची भाषा करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा समोर ठेवावा.

प्रश्न : मी जखमी वटवाघळं आणि अनाथ पिल्लं सांभाळण्याचं काम करते. ताई, आमच्यामुळे त्यांना काही होतं का, की त्यांच्यामुळे आम्हाला?

उलटा प्रश्न आधी विचारलात, बरं वाटलं. ऑस्ट्रेलियातल्या ज्या फ्लाइंग फॉक्सचा उल्लेख वर केला, त्यांच्या अभ्यासात रानातल्या प्राण्यांपेक्षा बंदिस्त प्राण्यांत इंटिग्रॉनचं प्रमाण कैक पटींनी जास्त निघालं. कारण शोधायला लांब जायला नको. पिल्लाला बाटलीने दूध पाजणारा हात माणसाचा, कापड माणसाच्या घरातलं, शेजारच्या पिंजऱ्यात औषध चालू असलेला दुसरा रुग्ण. आणि पिल्लाचं आतडं नवं, रिकामं. पहिला येईल तो घर करतो. बरं होऊन असं पिल्लू रानात सोडलं की ते हजारो जणांच्या वस्तीत जाऊन लटकतं. राखाडी डोक्याची फ्लाइंग फॉक्स वर्षाकाठी हजाराहून अधिक किलोमीटर भटकते, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत.

तेव्हा प्रत्येक पिल्लाची बाटली आणि कापड वेगळं, दोन पिल्लांच्या मध्ये हात धुणं, आजारी आणि निरोगी यांची खोली वेगळी. रेबीजची प्रतिबंधक लस घेतल्याशिवाय वटवाघळाला हात लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नव्या स्वयंसेवकांना दरडावून सांगा.

अँटिबायोटिकबद्दल मात्र जरा कडक बोलते. पंख फाटलेलं वटवाघूळ आलं की 'कव्हर म्हणून' पाच दिवस औषध, हा रिवाज मी पाहिला आहे. हेतू चांगला असतो, मान्य. पण पंखाच्या पडद्याला रक्तपुरवठा उत्तम असतो आणि स्वच्छ जखमा पुष्कळदा नुसत्या धुऊनही भरतात. पू असेल, ताप असेल, हाड उघडं असेल तर द्यायलाच हवं, तेही पशुवैद्याने वजन करून ठरवलेल्या मात्रेत. २५ ग्रॅमच्या प्राण्याला अंदाजाने थेंब मोजून चालत नाही. आणि शक्य तिथे औषध सुरू करण्याआधी स्वॅब. सुरू केल्यावर घेतलेल्या स्वॅबला काही अर्थ नसतो, हे मी माणसांच्या डॉक्टरांनाही सांगून सांगून थकले.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. अतिदक्षता विभागात आमचे रुग्ण औषधरोधी जंतुसंसर्गाने जात आहेत आणि तुम्ही लोक वटवाघळांच्या लेंड्या मोजताय. हा पैसा रुग्णालयांत का लावत नाही?

अर्धं पटलं, आणि ते अर्धं मोठं आहे. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधी जिवाणूंमुळे झाले, आणि असा संसर्ग ज्यांत सामील होता असे सुमारे ४९.५ लाख. यातले वटवाघळांच्या खात्यावर किती टाकायचे म्हणाल, तर मी तूर्त एकही टाकणार नाही. हात धुण्याची जागा, चालू असलेली कल्चरची सोय आणि औषध लिहिणाऱ्याचं शहाणपण यांवर खर्च झालेला पैसा जीव वाचवतो, यात वाद नाही. आणि प्रजाती बदलून तोच तो 'आम्हालाही सापडलं' असा निबंध छापणाऱ्यांचा मलाही कंटाळा आला आहे.

पण उरलेलं अर्धं ऐका. रुग्णालयातला जिवाणू रुग्णालयात राहत नाही. रुग्ण घेतो त्या औषधाचा बराचसा भाग न मोडता लघवीतून बाहेर पडतो, सोबत रोधवाले जिवाणू, आणि दोघं एकाच नळातून निघतात. पशुपालनाचं प्रमाण तर याहून मोठं. जगात विकल्या जाणाऱ्या अशा औषधांपैकी सुमारे ७३ टक्के जनावरांसाठी जातात असा अंदाज आहे. २०१५ मध्ये चीनमधून कोलिस्टिनरोधाचं एमसीआर-१ हे जनुक जाहीर झालं. ते प्लाझ्मिडवर होतं, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारू शकणारं. आणि शोधाची सुरुवात झाली ती डुकरांच्या तपासणीतून, माणसांच्या नव्हे.

ऑस्ट्रेलियाचंच आणखी एक उदाहरण. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याजवळ फाइव्ह आयलंड्स म्हणून बेटं आहेत. २०१२ मध्ये तिथल्या सिल्व्हर गल जातीच्या समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांचे नमुने घेतले, तर त्यांत आयएमपी-४ हे कार्बापेनेम तोडणारं विकर (एन्झाइम) असलेले जिवाणू ढिगाने मिळाले. हेच विकर तिथल्या रुग्णालयांना ओळखीचं होतं. उडायला न आलेल्या पिल्लाला ते आई-बापाच्या चोचीतून आलं, आणि आई-बाप चरतात माणसांच्या कचऱ्यावर. आता मला सांगा, कचऱ्यातून किंवा सांडपाण्यातून काय निसटतंय हे रुग्णालयाच्या नोंदवहीत कुठे दिसलं असतं? तिथे फक्त आजारी पडलेला दिसतो.

वटवाघळाचा उपयोग मला इथे वाटतो. ते रात्रीतून मोठा पट्टा पालथा घालतं, दिवसा ठरलेल्या जागी परततं आणि नमुना स्वतःच खाली टाकतं. पकडायचीही गरज नाही. प्रक्रिया केंद्रात सुधारणा केली, तर आधी आणि नंतर त्याच वस्तीखाली प्लास्टिक अंथरून इंटिग्रॉन मोजा. घटले तर पैसा कामी आला, नाही घटले तर गळती दुसरीकडे आहे. अशी मोजणी तुमच्या विभागाच्या खर्चापुढे चिल्लर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेत देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत औषधरोधाशी निगडित मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे. मृत्यू मोजायला तुम्ही आहात. गळती कोणी मोजायची?

प्रश्न : जिवाणू आणि विषाणू यांत फरक काय? निपाहवर अँटिबायोटिक चालत नाही का?

नाही चालत. जिवाणू ही स्वतंत्र पेशी. अँटिबायोटिक तिची भिंत किंवा आतली यंत्रं मोडतं. निपाह, रेबीज, मारबर्ग हे विषाणू. त्यांना ना भिंत, ना स्वतःची यंत्रं, त्यामुळे मोडायलाच काही नाही.

प्रश्न : मी बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आहे. प्रकल्पासाठी वटवाघळांच्या विष्ठेतले औषधरोधी जिवाणू तपासायचे आहेत. मॅडम, कुठून सुरुवात करू?

प्राण्यांना हात न लावण्यापासून. पकडणं, जाळी लावणं, स्वॅब घेणं हे परवानगी आणि लस असलेल्यांचं काम. तू फक्त वस्तीखालची ताजी विष्ठा घे, तीही मार्गदर्शकांना आणि जागेच्या मालकांना विचारून, उघड्यावरच्या वस्तीखाली. गुहेत किंवा बंद तळघरात जाऊ नकोस. पिल्लांच्या हंगामात टॉर्च मारत वावरू नकोस, दचकलेल्या आईच्या अंगावरून पिल्लू खाली पडतं.

प्रश्न लहान ठेव. 'वटवाघळांतील औषधरोध' हा प्रकल्प होत नाही. सांडपाण्याजवळची एक वस्ती आणि सांडपाण्यापासून दूर असलेली त्याच जातीची दुसरी वस्ती, एवढी तुलना कर. प्रत्येक नमुना साध्या आणि औषध घातलेल्या अशा दोन्ही प्लेटांवर लाव, म्हणजे वरच्या बातमीसारखी गत होणार नाही. प्रत्येक खेपेला ज्याचा स्वभाव माहीत आहे असा नियंत्रण जिवाणू शेजारी लाव; त्याचा झोन (औषधाच्या चकतीभोवती काही न उगवलेलं वर्तुळ) ठरलेल्या मापात आला नाही तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. झोन मिलिमीटरमध्ये मोजून लिही, नुसतं 'रोधक' किंवा 'संवेदनशील' नको, कारण मोजमापाचे निकष बदलतात आणि मिलिमीटर राहतात. जवळच्या तळ्याचं पाणीही लावता आलं तर लाव. त्याशिवाय वटवाघळात जे मिळेल ते आलं कुठून, यावर तुला एक अक्षर लिहिता येणार नाही.

ज्या प्लेटांवर काहीच उगवलं नाही त्यांचीही नोंद वहीत हवी. परीक्षक आधी तेच विचारतात, निदान मी तरी विचारते. आणि काम झालं की सगळ्या प्लेटा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून मगच टाकायच्या. घाईत कोणी बेसिनमध्ये धुताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबव.